मधलं माप

आजारी मी होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण यापुढे सगळा घोळच आहे आणि त्या घोळात निदान एक गोष्ट तरी माझ्या बाजूने खरी राहावी.

कंबर माझी धरते. गुडघे माझे वाजतात. सकाळी उठताना पलंगाचा काठ धरून "आई गं" म्हणते ती मी. ताईला काही होत नाही. साधी सर्दी झाली तरी ताई तिला दारावर आलेल्या विक्रेत्यासारखी वाटेला लावते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सहासष्ट पूर्ण, पण काळ्या कापडाचा अख्खा तागा खांद्यावर टाकून ती शिडीवरून अशी उतरते की बघणाऱ्यानेच डोळे मिटून घ्यावेत. त्यामुळे हाडांची घनता मोजून घ्यायचं फर्मान माझ्या लेकीने फोनवरून काढलं ते माझ्यासाठी.

"आई, तुझं रोजचं रडगाणं ऐकून कान किटले माझे," लेक म्हणाली. "एकदाची हाडं मोजून घे. आणि मावशीलाही ने. तिच्या वयाच्या बायकांनी काही दुखत नसलं तरी करायची असते ही तपासणी. मी दोघींची नावं नोंदवलीत."

"येते की," ताई मागून ओरडली. "हिची पिशवी धरायला."

माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो, एकत्र काम करतो आणि एकत्र भांडतो. ताईने लग्न केलं नाही. तिच्या मते तिला शोभेल असा उंच नवरा मिळाला नाही. आता ताई काही ताडमाड नाही, पाच फूट चार इंच. पण मी पाच तीन, आणि हा एक इंच आमच्या घरात कायद्यासारखा चालत आला. वरच्या फळीवरचा डबा ताईने काढायचा. फोटोत ताईने मागे उभं राहायचं, मी पुढे. तिचे जुने कपडे खालून दुमडून मी घालायचे. म्हातारपणी माणसं पैसा, रूप, मुलंबाळं कशाकशाची फुशारकी मारतात. ताईला तो एक इंच पुरला.

आमचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. वडिलांनी काढलेलं. तिथे वकिलांचे काळे गाऊन शिवले जातात आणि दुसरं काहीही शिवलं जात नाही. तीन मापं: लहान, मधलं, मोठं. लहान आणि मोठं ही मधल्यावरून काढायची, आणि मधलं म्हणजे ताई. ही थट्टा नाही, आमच्या कामाची रीत आहे. वडील म्हणायचे, टेबलावर पसरलेलं कापड खोटं बोलतं. ते अंगावर चढवावं आणि जमिनीपासून मोजावं, मग खरं बोलतं. म्हणून कापडाचा नवा तागा आला की त्यातला पहिला गाऊन ताई नेहमीच्या मापाने, खाली थोडं जास्त सोडून कापते, मी कच्चा शिवते, आणि तो अंगात घालून ती आरशासमोर उभी राहते. मी गुडघे टेकून बसते. वडिलांची एक लाकडी काठी आहे, तिला एका ठिकाणी खाच आहे. काठी जमिनीवर उभी धरायची आणि खाचेच्या उंचीवर खडूची खूण करत ताईभोवती फिरायचं. खुणेच्या खालचं कापड कापून टाकायचं. मग त्या ताग्यातले सगळे गाऊन त्या पहिल्यावरून.

माझ्या गुडघ्यांचं काय झालं असेल ते यावरून समजा. उभी राहायला ताई, रांगायला मी.

या कामात गेली दोन-तीन वर्षं काहीतरी बिनसलं होतं. गाऊन आखूड होतात अशी तक्रार यायला लागली. आधी एकदोघींची, मग बऱ्याच जणींची. वकील लोक तक्रार करतात तेव्हा ती तक्रार राहत नाही, उलटतपासणी होते. ताईचं उत्तर ठरलेलं: "धुतला असेल. कापड आटतं." नाही धुतला म्हणालं तर, "हल्लीच्या मुली उंच झाल्यात." तरी तिच्या मनाला ते लागायचं. तिने मापाची टेप बदलली. कापडाच्या व्यापाऱ्याशी अशी कडाक्याची भांडली की तो बिचारा अजून आमची गल्ली टाळून जातो. वडिलांच्या काठीवर संशय घ्यायची मात्र तिची छाती झाली नाही. मी गुपचूप घेतला आणि ती नव्या टेपने मोजून पाहिली. होती तशीच होती.

आणखी एक गंमत होती. खुणेखालून कापलेली पट्टी पूर्वी जेमतेम बोटभर रुंद निघायची, कचऱ्यात जायची. ती आधी दोन बोटं आणि आता तर चांगली चार बोटं निघायला लागली. मला आनंदच झाला. तेवढ्या रुंदीच्या पट्टीतून टाचण्या खोचायच्या छान गाद्या होतात. मी त्या पट्ट्या टेबलाखाली एका पोत्यात साठवायला लागले.

"ताई, तुझा हात सैल सुटलाय. किती कापड वाया घालवतेस," मी म्हणायची.

"माझा हात आहे तिथेच आहे," ताई म्हणायची. "तुझी जीभ सैल सुटलीय."

तर असं सगळं चाललेलं असताना आम्ही तपासणीला गेलो.

दारातच एका नर्सने चपला काढायला लावल्या आणि भिंतीला लावलेल्या उंची मोजायच्या पट्टीखाली उभं केलं. मी पाच फूट तीन. बरोबर. मग ताई. नर्सने सरकती पट्टी तिच्या डोक्यावर टेकवली आणि लिहून घेतलं: पाच फूट दोन.

"चार," ताई म्हणाली.

"दोन, आजी."

आजी म्हटल्यावर ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी शिवणकाम करते. माप काय असतं ते मला शिकवू नकोस. तुझी पट्टी खाली सरकलीय." आणि तिने खिशातून स्वतःची टेप काढून भिंतीवरची पट्टी मोजली. पट्टी अचूक निघाली. मग ताईने फरशी उतरती असल्याचा निकाल दिला.

"अहो, ही माझ्याहून उंच आहे," मीही मध्ये पडले. "कधीपासूनच आहे."

"शेजारी शेजारी उभ्या राहा बघू," नर्स म्हणाली.

उभ्या राहिलो. मी ताईकडे पाहिलं. सरळ पाहिलं तर माझी नजर तिच्या भुवयांच्या वर जात होती. मी नक्की काय बघतेय हेच कळेना. मला वाटलं, मी टाचा उचलल्या असतील. खाली पाहिलं. टाचा जमिनीवर होत्या. मग वाटलं, ताई वाकून उभी असेल. ती सुतासारखी सरळ उभी होती, हनुवटी वर करून. मी एक पाऊल मागे सरकले आणि विषय सोडून दिला. डोक्यात शिरत नाही ती गोष्ट मी अशीच सोडून देते.

आतल्या खोलीत यंत्रावर काम करणारी बाई म्हणाली, "अंगावर धातूचं काही नको." हे आम्हा दोघींना सांगणं म्हणजे झाडाला पानं काढून ठेव म्हणण्यासारखं. ताईने गळपट्टीतल्या टाचण्या काढल्या. बाहीतल्या सुया काढल्या. खिशातून बोटात घालायचं अंगुस्तान, छोटी कात्री, हुकांची डबी, दोन बॉबिन निघाल्या. बाईने पुढे केलेलं ताट भरलं.

"झालं?"

"थांबा," म्हणून ताईने कमरेच्या पट्ट्यातली एक सेफ्टीपिन काढली.

"तपासणीला आलात की दुकान मांडायला?" बाई हसली. ताई हसली नाही. ती अजून फरशीवर चिडलेली होती.

यंत्र म्हणजे एक लांब टेबल आणि वर एक दांडा. टेबलावर पाठीवर झोपायचं, पाय एका ठोकळ्यावर ठेवायचे आणि दांडा अंगावरून सावकाश सरकत जातो. टोचत नाही, दुखत नाही. मी बाईला सांगून ठेवलं, "जपून हं, माझी हाडं फार तकलादू आहेत." मग तिने पाऊल जरा आत वळवून पट्ट्याने बांधलं आणि खुब्याचं माप घेतलं. कित्येक महिन्यांत मी दिवसाढवळ्या अशी आडवी झाले नव्हते. डोळा लागला. ताईने मात्र, बाई नंतर सांगत होती, दांड्यावर सबंध वेळ नजर ठेवली, तो सरळ रेषेत सरकतो का ते बघायला.

मग डॉक्टर. चष्मा लावलेली, शांत बोलणारी तरुण बाई. तिने दोन कागद समोर ठेवले.

"तुमचं वजा शून्य पूर्णांक आठ," ती मला म्हणाली. "आणि तुमचं," ताईकडे वळून, "वजा तीन पूर्णांक एक."

ताईने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "माझे तीन. हिचा एकसुद्धा धड नाही. मी म्हणत नव्हते? हिला लहानपणापासून दूध नको असायचं."

मीही मान डोलावली. मला तर ते अपेक्षितच होतं. एक माझ्या मनात आलं, वजा का म्हणतात? पण साखर कमी असली की चांगलं, रक्तदाब कमी असला की बरं, तसं हेही काहीतरी असेल. डॉक्टर मात्र आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

"नाही, नाही," ती म्हणाली. "उलटं आहे. तिशीतल्या निरोगी बाईची हाडं म्हणजे शून्य धरतो. त्याच्या खाली जितकं जाल तितकी हाडं विरळ. अडीचच्या खाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तुमची हाडं," हे मला, "वयाच्या मानाने छान आहेत. ताईंची हाडं फार ठिसूळ झालीत."

"तिशीतल्या पोरीशी माझी तुलना कशाला?" ताई म्हणाली.

"कुणाला तरी मधलं माप धरावंच लागतं ना," डॉक्टर म्हणाली. तिला काय माहीत ती कोणासमोर काय बोलतेय.

मग ताईने एक घाव दोन तुकडे केले. "कागद बदललेत. हिचे माझ्या नावावर आलेत."

आणि मी, माझ्या कंबरेची शपथ, मी लगेच म्हणाले, "हो, बदललेच असणार. दुखतं मला. हिला काही दुखत नाही." मला हे सोडवेना. इतकी वर्षं मी ज्या दुखण्यावर मन लावून कुरकुरले ते दुखणं आजार नाही म्हणतात, आणि जी कधी हू की चू करत नाही ती आजारी? मग मी कोण? आणि हे सगळं चाललेलं असताना मनात कुठेतरी खरंच वाटत होतं की ते माझंच असावं. मला सवय आहे. ताईला नाही.

"बदललेले नाहीत," डॉक्टर म्हणाली. "तुमची कंबर वाकून बसल्याने दुखते, स्नायू आखडतात. हाडांचं विरळ होणं मात्र दुखत नाही. म्हणून तर मशीनवर शोधावं लागतं." मग ताईला विचारलं, "तुमची उंची कमी झालीय का हल्ली?"

"पाच फूट चार," ताई म्हणाली.

"आज पाच दोन आलीय. पाठीचा एखाद-दुसरा मणका दबला असेल. ठिसूळ मणका नुसता वजन उचलतानाही दबतो."

"माझा मणका मोडला आणि मला कळलं नाही?" ताई हसली. "मला चादरीखालची टाचणी कळते."

"कित्येकींना कळत नाही. पाठीचा एक्स-रे काढू म्हणजे खात्री होईल. रक्त तपासू, औषध सुरू करू. आणि आजपासून शिडी नाही, जड उचलणं नाही, वाकून काही ओढणं नाही." डॉक्टर जरा थांबली. "खुबा अजून शाबूत आहे, ताई. या हाडांनी पडलात तर तो मोडेल, आणि तुमच्या वयात त्यातून उठणं फार अवघड असतं. आत्ता कळलंय ते वेळेत कळलंय."

ताईने कागदाची घडी केली, पिशवीत कात्रीखाली घातली आणि नमस्कार करून उठली. एक्स-रेची खोली शेजारीच होती. ताई त्या खोलीसमोरून चालत गेली आणि रस्त्यावर आली.

"दुखत नाही त्याला औषध घ्यायला मी काय वेडी आहे?" एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. खरं सांगते, मी भ्याले. आणि त्या भीतीतसुद्धा मला धड काही कळत नव्हतं. एकदा वाटे डॉक्टर बरोबर, एकदा वाटे ताई बरोबर. ताई दिसायला तर तशीच. तसाच आवाज, तशीच चाल. चुकीचं काहीतरी मला दिसत होतं, पण ते कुठे आहे तेच सापडत नव्हतं. ताई शिडीवर चढली की मी हातातलं काम टाकून शिडी धरायला धावायची.

"सोड," वरून ताई. "तू धरलीस म्हणून हलतेय."

"खाली ये. तो तागा मी काढते."

"तू? पाच फूट तीन? तुझा हात तरी पोचतो का?"

एकदा तर तिने तागा खांद्यावर घेतला आणि शिडीची शेवटची पायरी तिला सापडेना. तिचं पाऊल हवेत चाचपडत होतं. पूर्वी ती न बघता उतरायची. मी तिची पोटरी धरून पाऊल पायरीवर ठेवलं. नंतर न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

मग एक दिवस दुकानात तारीखबाई आल्या.

तारीखबाई म्हणजे आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई. त्यांच्या कुठल्याही खटल्याला निकाल लागत नाही, पुढची तारीख मिळते, म्हणून हे नाव. आम्हीच ठेवलेलं, आणि त्यांना ते ठाऊक आहे. अंगात त्यांचा जुना गाऊन होता आणि हातात आमच्या दुकानाचीच पिशवी.

"हा घ्या तुमचा नवा," त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "आखूड आहे."

"धुतला असेल," ताई म्हणाली. "कापड आटतं."

"घडीसुद्धा मोडली नव्हती. आज सकाळी घातला, आरशात पाहिलं, काढून ठेवला. शाळकरी पोरीसारखी दिसत होते." मग त्यांनी अंगातला गाऊन काढून टेबलावर पसरला. "हाही तुमचाच. आठ-दहा वर्षांपूर्वीचा. हाही मधल्या मापाचा. मी तेवढीच आहे, जमीन तेवढीच आहे. आता तुम्हीच सांगा."

मी नवा गाऊन जुन्यावर ठेवला. खांद्याला खांदा जुळवला. गळा गळ्याला, शिवण शिवणीला. दोन्ही तंतोतंत. आणि खाली जुना गाऊन नव्याच्या बाहेर आला होता. मी त्यावर बोटं ठेवली. तीन बोटांना थोडं कमी. दोन इंच.

ताई खाकरली. "तो जुना तेव्हा लांब झाला असेल."

"तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, असा गाऊन या कोर्टात दुसरा नाही," तारीखबाई म्हणाल्या. "दोन्ही ठेवून जाते. संध्याकाळी येईन. आणि कृपा करून तारीख देऊ नका, ते माझं काम आहे."

त्या गेल्या. ताई तणतणत टेप शोधायला लागली. मी टेबलापाशीच उभी होते. दोन्ही गाऊनच्या कडांकडे बघत होते आणि डोक्यात सगळं गोल फिरत होतं. टेप नवी. काठी बरोबर. ताईचा हात आहे तिथेच. कापड व्यापाऱ्याचा दोष नाही. मग ते दोन इंच गेले कुठे? माझा पाय टेबलाखालच्या पोत्याला लागला.

पट्ट्यांचं पोतं.

मी ते ओढून बाहेर काढलं आणि जमिनीवर उपडं केलं. काळ्या पट्ट्यांचा ढीग पडला. तळातल्या वर आल्या होत्या, त्या अरुंद, दोन बोटांच्या. नंतरच्या जरा रुंद. मग आणखी रुंद. अगदी अलीकडच्या चार बोटं. ताई तेवढंच कापड कापत होती, मी त्याच खाचेवर खूण करत होते, आणि दर नव्या ताग्याला खालून थोडं जास्त उरत होतं. मी ते कापत होते आणि पोत्यात भरत होते. आतापर्यंत मी त्यांच्या गाद्या करून त्यात टाचण्या खोचल्या. मला हुंदका आवरेना.

"काय झालं तुला?" ताई घाबरली. "कंबर?"

"ताई, हा घाल," मी तारीखबाईंचा जुना गाऊन तिच्यापुढे धरला.

"कशाला?"

"घाल म्हणते ना."

माझा हा आवाज तिने कधी ऐकला नसावा. तिने मुकाट्याने हात घातले. मी तिला आरशासमोर नेलं, काठी घेतली आणि गुडघे टेकले. गुडघे वाजले, वाजू दिले. काठी जमिनीवर उभी धरली.

त्या गाऊनची कड याच काठीने, याच खाचेवर, याच ताईच्या अंगावर मीच आखली होती. ती आता खाचेच्या खाली लोंबत होती. मी मागे जाऊन बघितलं, बाजूने बघितलं. सगळीकडून तेवढीच खाली.

ताईने आरशात पाहिलं. मग मान खाली घालून काठीकडे पाहिलं.

"कापड..." ती म्हणाली आणि थांबली.

मी वाट पाहिली. ताईने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, कापड आटतं. कापड आपोआप वाढतं असं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही तिला ते सांगता येईना. जमिनीवर पसरलेल्या पट्ट्यांवरून तिची नजर हळूहळू फिरली, अरुंदपासून रुंदपर्यंत, आणि मला दिसलं की तिला कळलंय.

"म्हणजे त्या सगळ्या पोरींचे गाऊन..." ती म्हणाली.

"मरू देत त्या पोरींचे गाऊन!" मी ओरडले. "तू कमी होत चाललीयस, ताई. आणि मी खाली बसून ते कापतेय."

ताई सावकाश वळली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला उठवायला नाही. स्वतःच्या आधाराला. असं तिने पूर्वी कधी केलेलं नव्हतं.

"त्या डॉक्टरबाईकडे एक्स-रे किती वाजेपर्यंत असतो?" तिने विचारलं.

"आत्ता गेलो तर मिळेल."

"आत्ता नाही. संध्याकाळी तारीखबाई येणार. उद्या सकाळी जाऊ." मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "जाऊ म्हटलं ना. शब्द आहे माझा."

मग तिने गाऊन काढला, झटकला, घडी घातली. तारीखबाईंचा गाऊन नव्याने शिवायचा होता आणि तागा वरच्या फळीवर होता. ताई शिडीकडे गेली, पहिल्या पायरीवर हात ठेवला आणि तो काढून घेतला.

"तू चढ," ती म्हणाली. "मी धरते."

मी चढले. तागा काढताना नाकी नऊ आले, पण हात पोचला. कापड उलगडलं, ताईने कापलं, मी कच्चं शिवलं. मग आम्ही दोघी आरशासमोर आलो आणि पुन्हा घोडं अडलं. मी सवयीने गुडघे टेकायला लागले.

"ऊठ," ताई म्हणाली. "आता मधलं माप तू."

"मी कशी? मी इंचभर कमी आहे."

"कोणापेक्षा?"

मी काठी तिच्या हातात दिली. ताईनेच विचार केला. मग कोपऱ्यातली एक फळी पायाने सरकवत आणली, बरोबर इंचभर जाडीची, आणि आरशासमोर ठेवली. "हिच्यावर उभी राहा. काठी जमिनीवर राहील."

मी गाऊन अंगात घातला आणि फळीवर चढले. ताईने एक बुटकी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली.

"वाकू नकोस," मी म्हणाले.

"वाकत नाहीये, बसलेय. तू ताठ राहा. कशी उभी राहतेस पोत्यासारखी? हनुवटी वर."

मी हनुवटी वर केली. आरशात काळा गाऊन घातलेली एक बाई उभी होती, पाच फूट चार. पण मला खाली बघावंसं वाटलं. ताई मन लावून खडूने खूण करत होती, जीभ दातांत धरून. तिचा भांग मी जन्मात पहिल्यांदा वरून पाहत होते. पांढरा, सरळ आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा रुंद.

"रडू नकोस," ताई वर न बघता म्हणाली. "हललीस की माप चुकतं."